बॅनर तीन, पुस्तकं रोज

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

'मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, "ब" वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालयाचं फेसबुक पान आणि इन्स्टाग्राम मीच बघते. रोज सकाळी "आज कपाटातून" या नावाने एका पुस्तकाचा फोटो आणि चार-पाच ओळी टाकते. कधी उशीर झाला तर लोक विचारतात. ९, १० आणि ११ जानेवारीला आमची व्याख्यानमाला आहे. पहिल्या दिवशी कातळशिल्पं (कातळावर कोरलेली चित्रं), दुसऱ्या दिवशी मोडी लिपी आणि शेवटच्या दिवशी तालुक्यातल्या कवींचं संमेलन. अध्यक्ष सर म्हणतात, आतापासून रोज बॅनर टाका, पुस्तकं काय नंतरही आहेतच. गेल्या वर्षी तेच केलं. लाइक दोन-चारवर आले, कितीतरी जणांनी पान सोडलं, व्हॉट्सअॅप गटातून माणसं बाहेर पडली आणि सभागृहात आले ते नेहमीचेच. पण कार्यक्रमाबद्दल काही टाकलंच नाही, तर लोकांना कळणार कसं? पुस्तकं थांबवू की बॅनर? पैसे देऊन जाहिरात करू का? आणि मंडळाला काय सांगू?'

ग्रंथपालताई,

पुस्तकं थांबवू नका. व्याख्यानमालेच्या तीन दिवसांतही नको. बॅनर टाका, पण तीनदाच. कधी आणि कसे, ते पुढे सांगते.

आधी थोडी तुमच्या अध्यक्ष सरांची बाजू घेते. वक्ता लांबून येतो, त्याच्या राहण्या-जेवणाची सोय करायची, मंडपवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची, आणि ऐन वेळी पुढे रिकाम्या खुर्च्या. त्या खुर्च्यांकडे बघत प्रास्ताविक त्यांनाच करायचं असतं. रिकाम्या खुर्च्यांचा धसका घेतलेल्या माणसाला 'आणखी बॅनर' हाच उपाय सुचतो. तेव्हा त्यांना नुसतं 'नको' म्हणून भागणार नाही. खुर्च्या कशा भरतील हेही तुम्हाला सांगावं लागेल.

त्यासाठी आज दुपारी एक काम करा. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये जाऊन तुमचे फॉलोअर कुठल्या शहरांतले आहेत ते बघा. फेसबुक पानालाही ही सोय आहे. कोकणातल्या वाचनालयाचं पान म्हटल्यावर मुंबई, ठाणे, पुणे यांची नावं तिथे वरती दिसली तर मला नवल वाटणार नाही. गाव सोडून गेलेली माणसंच गावच्या पानावर जास्त रेंगाळतात. डोंबिवलीत राहणारा चाकरमानी रोज सकाळी लोकलमध्ये तुमचं पुस्तक बघतो. त्याला बालवाडीची शाळा आठवते, तो लाइक करतो. पण ९ जानेवारीच्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला तो तुमच्या सभागृहात येणार आहे का? शिमग्याला येईल, गणपतीला येईल. त्याला महिनाभर रोज बॅनर दाखवला तर तो पान बंदच करेल, आणि गेल्या वर्षी तेच झालं. जे सभागृहात येऊ शकतात ते दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत राहतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तुमचं पान कधी उघडलेलंही नाही.

म्हणजे हे दोन वेगळे समूह आहेत. पानावरच्यांना सांभाळायचं, टापूतल्यांना बोलवायचं. एकच बॅनर दोघांवर मारला की पहिले वैतागतात आणि दुसऱ्यांपर्यंत तो पोहोचतच नाही.

आता पानाचं बघू. 'आज कपाटातून' बघायला लोक येतात ते पुस्तकासाठी, म्हणून कार्यक्रमही तिथे पुस्तकाच्या हाताला धरून आला पाहिजे. कातळशिल्पांचंच घ्या. डिसेंबरच्या मध्यापासून आठवड्यातली दोन-तीन पुस्तकं अशी काढा, की ज्यांचा सड्याशी, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळाशी, काही ना काही संबंध आहे. जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर तुमच्या संदर्भ विभागात असेल, तर त्यात जांभ्या दगडाबद्दल काय लिहिलंय त्याच्या दोन ओळी द्या. कोकणातल्या देवराया, गावऱ्हाटी, दशावतार, जे कपाटात असेल ते. एखाद्या दिवशी नुसती माहिती द्या: २०२२ मध्ये कोकणातली आणि गोव्यातली काही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, त्यात कशेळीचा तो प्रचंड हत्ती आहे, उक्षीचं, बारसूचं, कुडोपीचं नाव आहे. गावातल्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसेल. ज्यांना ठाऊक आहे ते खाली लिहितील, की आमच्या सड्यावरही असं काहीतरी आहे, आजोबा त्याला पांडवांची चित्रं म्हणायचे. ते लिहू लागले की त्यांना प्रश्न विचारा, गुराख्यांकडून ऐकलेल्या गोष्टी मागवा आणि त्यातल्या निवडक गोष्टी वक्त्यांना आधीच पाठवून द्या. व्याख्यानात वक्त्याने 'तुमच्याच तालुक्यातून एकांनी कळवलंय' असं म्हटलं, तर ते कळवणारे पहिल्या रांगेत बसलेले असतील, आणि सोबत घरातली चार माणसं असतील.

एक मात्र सांभाळा. ज्या चित्रांना अजून कुंपण नाही, राखण नाही, त्यांची नेमकी जागा पानावर येऊ देऊ नका. कोणी उत्साहाने नकाशाची खूण टाकली तर ती काढा आणि त्यांना खाजगीत कारण सांगा. खडूने रेघा ओढून फोटो काढणारे आणि सड्यावर गाड्या घालणारे लगेच पोहोचतात.

अशा प्रत्येक पोस्टच्या शेवटी फक्त एक ओळ: 'याच विषयावर शुक्रवार, ९ जानेवारीला संध्याकाळी ६ वाजता वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान आहे.' त्याला उद्गारचिन्हं नकोत, तुताऱ्या नकोत, लाल बाण नकोत. उरलेल्या चार-पाच दिवसांच्या पोस्टमध्ये ही ओळसुद्धा नको. रहस्यकथा असेल तर रहस्यकथा, पाककृतींचं पुस्तक असेल तर तेच. लोकांचा विश्वास बसलाय तो या साध्या दिवसांवर.

मोडीचा दिवस तर पानासाठी सोन्यासारखा आहे. रोज एक मोडी शब्द, मोठ्या अक्षरात, आणि खाली 'ओळखा बघू'. उत्तर दुसऱ्या दिवशी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, एवढं सांगितलंत तरी शाळेतली पोरं मोडीच्या बाजूने उभी राहतील. आणि कोकणातल्या घराघरात, माळ्यावरच्या ट्रंकेत, मोडीतले कागद पडलेले आहेत, जे वाचणारं घरात आता कोणी नाही. 'तुमच्या घरातला कागद १० तारखेला घेऊन या, अभ्यासक बघून थोडक्यात सांगतील' असं वक्त्यांच्या संमतीने जाहीर केलंत, तर सभागृह भरवायला बॅनर लागणार नाही. कागद पानावर टाकायचा झाला तर एखादीच ओळ टाका, तीही घरच्यांना विचारून. यातले बरेच कागद गहाणखतं नि वाटणीपत्रं असतात, आणि कोकणात जमिनीचे दावे किती पिढ्या चालतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

कवी संमेलनाची फार काळजी नको. प्रत्येक कवीच्या दोन ओळी आणि साधा फोटो टाका. ज्यांचं इन्स्टाग्रामवर खातं आहे त्यांना त्या पोस्टमध्ये सहभागी म्हणून जोडा, म्हणजे तीच पोस्ट त्यांच्याही पानावर दिसेल. बाकीचं काम कवी स्वतः करतात. कवींना नातेवाईकही असतात.

जानेवारीत दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आहे. आणि ६ जानेवारी. १८३२ साली त्या तारखेला 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला, आणि तो काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, म्हणजे तुमचे शेजारीच. कोकणातल्या वाचनालयाने त्या दिवशी बाळशास्त्रींना बाजूला सारून आपल्या मंडपाची जाहिरात करावी, हे मला तरी पटणार नाही. कार्यक्रम तीन दिवसांवर आलेला असेल, मंडळाकडून फोन येतील. तरीही त्या दिवशी ती शेवटची ओळ टाकू नका.

आता तीन बॅनर. पहिला डिसेंबरच्या मध्याला, एखाद्या रविवारी. दुसरा ४ जानेवारीच्या रविवारी. तिसरा ८ तारखेला संध्याकाळी. लग्नाची पत्रिका कोणी रोज वाटत नाही. एकदा देतात, मग आठवण करतात, मग आदल्या दिवशी 'येताय ना' म्हणतात. तेवढंच. तिसरा ९ तारखेच्या सकाळी का नाही, तर फेसबुक-इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकल्या त्या क्रमाने दिसत नाहीत. सकाळी टाकलेली पोस्ट कोणाला दुपारी दिसते, कोणाला परवा. म्हणूनच 'आज सायंकाळी ६ वाजता' असं बॅनरवर कधीही लिहू नका. ११ तारखेला तो बॅनर ज्याच्या समोर येईल तो त्याच संध्याकाळी सहाला येऊन बसेल, आणि समोर कातळशिल्पांऐवजी कविता चालू असेल. वार, तारीख, वेळ तिन्ही लिहायचं.

बॅनरच्या मजकुरावर तुमची खरी लढाई होणार आहे, म्हणून इथे जरा थांबते. आपल्याकडे कार्यक्रमाचा बॅनर हा कार्यक्रमापेक्षा मंडळाचा असतो. वर संस्थेचं बोधचिन्ह आणि नोंदणी क्रमांक, मग उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, सहकार्यवाह, खजिनदार, सभासद, मग 'आपले विनीत', मग सौजन्य म्हणून किराणा दुकान. प्रत्येकाचा गोल चौकटीतला फोटो. चौकातल्या दहा फुटी फ्लेक्सवर हे खपून जातं. तळहाताएवढ्या मोबाइलवर मात्र 'कातळशिल्पं' हा शब्द मुंगीएवढा होतो आणि वेळ कुठेतरी खजिनदारांच्या कोपराखाली सापडते. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासात रंगनाथन यांची पाच सूत्रं तुम्ही पाठ केली असतील. त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, असल्या बॅनरलाही लावून बघा.

वाद घालू नका, दोन चित्रं करा. पहिल्या चित्रात विषय मोठ्या अक्षरांत, वक्त्याचं नाव, वार-तारीख-वेळ-ठिकाण, बस्स. दुसऱ्या चित्रात पूर्ण कार्यक्रमपत्रिका, सगळी नावं, सगळे मान, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' सकट. दोन्ही एकाच पोस्टमध्ये. बोटाने सरकवलं की दुसरं दिसतं. कोणाचंही नाव गळलेलं नाही, आणि पहिलं चित्र चालत्या एसटीतही वाचता येतं.

एसटीवरून आठवलं. पहिल्या चित्राखालच्या मजकुरात एक ओळ अशी द्या जी कुठल्याही बॅनरवर नसते: कार्यक्रम किती वाजता संपेल, आणि त्यानंतर कुठल्या बाजूला जाणारी शेवटची गाडी किती वाजता आहे. बारा किलोमीटरवरच्या वाडीतला निवृत्त मास्तर मोडीवरच्या व्याख्यानाला यायचं की नाही हे वक्त्याच्या पदव्या बघून ठरवत नाही, परतीच्या गाडीवरून ठरवतो. स्टँडवर वेळा विचारून खात्री करा आणि लिहा. आणि सहा म्हणजे सहा. पाहुणे यायचेत म्हणून पावणेसातला दीपप्रज्वलन केलंत, तर मास्तरांना वक्ता रंगात आलेला असताना उठावं लागेल आणि पुढच्या वर्षी ते येणार नाहीत.

स्टोरीचं गणित वेगळं आहे. ती २४ तासांत जाते, आणि ज्याला बघायची तोच उघडतो. तिथे हात सैल सोडायला हरकत नाही. खुर्च्या आल्या, पोरं रांगोळी काढतायत, वक्त्यांचं एखादं पुस्तक टेबलावर आलंय, टाका. इन्स्टाग्रामवर पहिला बॅनर पानाच्या वरच्या बाजूला पिन करून ठेवा, म्हणजे नव्याने येणाऱ्याला शोधावं लागणार नाही. फेसबुकवर इव्हेंट एकदा तयार करा, त्याची आठवण लोकांना आपोआप जाते. तिथल्या 'इंटरेस्टेड'च्या आकड्यावर खुर्च्या मात्र मागवू नका. त्यातले अर्धे डोंबिवलीतले असतील.

टापूतल्या माणसांसाठी व्हॉट्सअॅप, पण गेल्या वर्षीसारखं नको. गावातल्या प्रत्येक गटात रोज तोच बॅनर टाकला की काय होतं ते तुम्ही पाहिलंत. शिवाय पुन्हा पुन्हा पुढे ढकललेल्या संदेशावर दुहेरी बाणाची खूण येते, मग तो एका वेळी एकालाच पाठवता येतो, आणि ती खूण दिसली की शहाणी माणसं वाचतही नाहीत. त्यापेक्षा वाचनालयाच्या सभासदांची ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ जण बसतात, आणि संदेश ज्याचा त्याला वेगळा जातो, गटात गोंधळ होत नाही. मात्र ज्याच्या मोबाइलमध्ये वाचनालयाचा नंबर साठवलेला आहे त्यालाच तो मिळतो. म्हणून उद्यापासून पुस्तक बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला काउंटरवरच सांगा, 'आमचा नंबर सेव्ह करा.' महिनाभरात यादी तयार होईल. त्यावर दोनच संदेश पाठवा, एक आठवडा आधी, एक आदल्या दिवशी, तुमच्या स्वतःच्या शब्दांत, तळाशी तुमचं नाव घालून.

शाळांना पत्र द्या. मोडीसाठी नववीची मुलं, कातळशिल्पांसाठी कॉलेजची. स्टँडवर आणि रिक्षा थांब्यावर हाताने लिहिलेला फळा अजूनही चालतो.

पैसे देऊन जाहिरात करायची तर दुसऱ्या बॅनरची करा, आणि ठिकाण निवडताना तुमच्या गावावर खूण ठेवून आजूबाजूचे काही किलोमीटरच घ्या. अख्खा महाराष्ट्र निवडलात तर तुमचे पैसे नागपूरला बॅनर दाखवण्यात जातील. रक्कम लहान ठेवा. तेवढ्या पैशात चहाची दुसरी फेरी होते, आणि ती कमी उपयोगाची नसते.

थेट प्रक्षेपणाची आधी घोषणा करू नका. 'फेसबुकवर लाइव्ह' असं वाचलं की दोन गल्ल्या पलीकडचा माणूस घरीच बसतो, आणि मग अर्ध्या तासाने मालिका लावतो. वक्त्यांची लेखी परवानगी घेऊन ध्वनिचित्रण करून ठेवा आणि चार-पाच दिवसांनी टाका. मुंबई-पुण्याच्या आणि आखातातल्या तुमच्या वाचकांसाठी ती खरी भेट असेल. महिनाभर त्यांना बॅनर दाखवून जे साधलं नसतं ते त्याने साधेल.

मंडळाला काय सांगायचं? सभेत 'रोज बॅनर नको' असं म्हणून सुरुवात करू नका. गेल्या वर्षीचे आकडे कागदावर काढा: बॅनरच्या आधीच्या महिन्यात पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचत होती, बॅनरच्या महिन्यात किती. इनसाइट्समध्ये इतकं जुनं दिसलं नाही तर त्या दोन महिन्यांतल्या पोस्टवरचे लाइक मोजा. कागद अध्यक्ष सरांच्या हातात द्या आणि ते वाचेपर्यंत गप्प बसा. मग त्यांना काम द्या. मंडळातल्या प्रत्येकाने दहा घरी स्वतः फोन करायचा किंवा जायचं, आणि नावांची यादी तुमच्याकडे द्यायची. 'आम्ही बॅनर टाकायला सांगितला होता' म्हणणं सोपं असतं. दहा माणसं आणायची म्हटल्यावर बॅनरचा आग्रह बराच ओसरतो, असा माझा अंदाज आहे. अध्यक्ष सर स्वतः ज्यांच्याकडे जातील ते येतील. तालुक्याच्या गावात अध्यक्ष दारात आले तर कोण नाही म्हणणार?

कार्यक्रम झाल्यावर शाल-श्रीफळाचे चाळीस फोटो टाकायचा मोह होईल. वक्त्याचा एक, श्रोत्यांचा एक, पुरे. मंडळाचे सगळे फोटो वेगळ्या अल्बममध्ये ठेवून तो दुवा त्यांच्या गटात पाठवा. पानासाठी त्यापेक्षा चांगली सामग्री तुमच्या वहीत असेल: श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न. कोणी व्याख्यानानंतर येऊन एखादं पुस्तक मागितलं असेल, तर ते पुस्तक सोमवारच्या 'आज कपाटातून'मध्ये घ्या, 'काल एका आजींनी हे मागितलं' असं लिहून. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आहे, तेव्हा मोडीचे उरलेले शब्दही कामी येतील.

तीन दिवस तुम्ही खुर्च्या, माइक आणि पाहुण्यांचा चहा यातच असणार. म्हणून ९, १० आणि ११च्या सकाळच्या पोस्ट ७ तारखेलाच तयार करून वेळ लावून ठेवा, मेटाच्या बिझनेस सूटमध्ये ते करता येतं. पानाचा ताबा आणखी एकाकडे द्या, सहायकाकडे किंवा मंडळातल्या एखाद्या तरुण सभासदाकडे. त्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगा: गावात त्या दिवशी काही वाईट घडलं, कोणी गेलं, तर सकाळची ती विनोदी पुस्तकाची पोस्ट निघायच्या आत थांबवायची.